नऊच्या आधी

"लागलं की आधी इंजिन बंद कर. मग उतर. आणि जागा सोडू नकोस. लोक चार शिव्या देतील, त्या खाऊन घे, शिव्यांनी कुणी मरत नाही. पण जागा सोडायची नाही."

बाबांचा तो जरा घोगरा आवाज अजून तसाच्या तसा कानात आहे. एकतीस वर्षं त्यांनी बस चालवली. मला गाडी शिकवायला ते डेपोच्या मागच्या मोकळ्या मैदानात घेऊन गेले, आणि पहिल्या दिवशी किल्ली हातातच दिली नाही. नुसती गाडीभोवती फेरी मारायला लावली. मागे काय आहे ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय मागे जायचं नाही, म्हणाले. मग स्टिअरिंगवर माझा हात ठेवून वचन घेतलं, की काही झालं तरी जागा सोडणार नाही. मी वीस वर्षांची होते. हसत हसत दिलं. तेव्हा ते द्यायला काय लागत होतं?

मंगळवारी सकाळी सव्वाआठ वाजता मी जागा सोडली.

आधी माझ्या नेमाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. सकाळी उठल्यापासून नऊ वाजेपर्यंत मी बोलत नाही. अकरा वर्षं झाली. कुणाच्या आजारपणात नवस बोलले होते असं नाही. माझी जीभ सकाळी फार धारेची असायची. एकदा सासूबाईंना मी असं काही बोलून गेले, की त्यांनी वर्षभर माझ्या हातचा चहा घेतला पण माझ्याकडे बघून घेतला नाही. त्या गेल्यावर मी हा नेम धरला. लोक मला मवाळ म्हणतात. ते सगळे मला नऊनंतर भेटलेले असतात. आमचे हे पाहुण्यांना सांगतात, "आमचा संसार टिकला तो हिच्या सकाळच्या मौनामुळे आणि माझ्या रात्रीच्या घोरण्यामुळे. भांडायला वेळच जुळत नाही."

अगदीच अडलं तर पर्समध्ये एक छोटी वही असते, तिला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली. 'दूध संपलं.' 'छत्री घ्या.' असं काय काय त्यात लिहिलेलं असतं. सगळ्या इमारतीला माझा नेम माहीत आहे. सकाळी जिन्यात कुणी भेटलं की नुसती मान हलवतात. खरं सांगायचं तर त्या मान हलवण्यातला मान मला आवडायला लागला होता.

त्या मौनात माझा जप चालतो. एकशे आठ वेळा देवाचं नाव, बोटांच्या पेरांवर मोजून. गाडीत बसल्यावर तोच जप स्टिअरिंगवर चालू राहतो. मंगळवारी मी गाडीत बसले, आरसा बघितला, फेरी मारली नाही, आणि गाडी मागे घेतली. तेव्हा मी अडुसष्टावर होते.

कच्च असा आवाज झाला. मान मागे-पुढे झाली.

आणि मी मनात एकोणसत्तर म्हटलं.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. गाडी आपटली हे मला कळलं होतं. तरी पुढचा आकडा आला, त्याच्या पुढचाही आला. बहात्तरावर मी थांबले आणि उतरले.

आमच्या समोरच्या रांगेत घड्याळकाकांची गाडी असते. काका तळमजल्यावर राहतात, पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केली त्यांनी. ती जुनी छोटी निळी गाडी ते पाहुण्यासारखी वागवतात. तिचा मागचा डावा दिवा फुटला होता आणि दिव्याखाली ताटलीएवढा पोचा आला होता. आमच्या पांढऱ्या गाडीच्या बंपरला मात्र नुसता ओरखडा, तोही वाकून बघितला तर दिसेल असा. खाली लाल प्लास्टिकचे तुकडे पडले होते. आजूबाजूला कुणी नव्हतं. पार्किंगमधला कॅमेरा गेल्या वर्षापासून छताकडे बघत बसलाय.

काकांचं दार वीस पावलांवर होतं. मी वही काढली. 'काका, माझ्याकडून' एवढं लिहिलं. पुढे काय लिहायचं तेच सुचेना. घंटा वाजवून हातात कागद द्यायचा, आणि ते काय विचारतील त्याला मुक्यासारखं बघत राहायचं? मनात म्हटलं, नऊनंतर फोन करते, सविस्तर बोलते, ते जास्त बरं दिसेल. वहीचं पान फाडलं, घडी करून पर्समध्ये टाकलं. आणि निघता निघता ते लाल तुकडे चपलेने त्यांच्याच गाडीखाली सरकवले.

 फोन करणारच होते तर तुकडे कशाला लपवायचे?

नऊ वाजले. मी रक्तपेढीत नोंदणीच्या टेबलावर बसते. नऊला रक्तदात्यांची रांग लागते. दहाला म्हटलं, काका पूजेला बसले असतील. बाराला म्हटलं, जेवत असतील. तीनला म्हटलं, झोपले असतील. काकांचा दिवस मी असा मिनिटामिनिटाने भरून काढला, जणू त्या माणसाला फोन उचलायला सवडच नाही.

संध्याकाळी पार्किंगमध्ये शिरले तर काका गाडीच्या मागे उकिडवे बसलेले. डोळ्याला त्यांचं जुनं भिंग लावलेलं. त्यांच्याजवळ पायलट उभी होती, ओढणी हातात पिळत.

पायलट म्हणजे आमच्या इमारतीतल्या गाड्या धुणारी बाई. वयाने माझ्याएवढीच. पहाटे येते, साडेसात-आठपर्यंत बारा गाड्या धुऊन जाते. धुताना गाड्या जरा पुढेमागे घ्याव्या लागतात, त्या घेता घेता ती चालवायला शिकली, मग रीतसर क्लास लावला आणि दोन महिन्यांपूर्वी परवानाही काढला. त्या दिवसापासून सगळे तिला पायलट म्हणतात, आणि तिलाही ते आवडतं. काकांनी तर दोन वर्षांपासून आपल्या गाडीची जादा किल्लीच तिच्याकडे दिली होती.

"ये गं," काका मला म्हणाले. "बघ काय झालंय. भिंगातून पांढरा रंग स्पष्ट दिसतोय. खांबाचा. बाहेर काढताना मागची बाजू खांबाला घासली हिने, आणि हिला पत्ताच नाही."

खांब पांढरा आहे. आमची गाडी पांढरी आहे. ती माझ्या मागे, हातभर अंतरावर उभी होती.

"मला खरंच कळलं नाही हो काका," पायलट म्हणाली. "आवाज आला असता तर मी थांबले असते. पण असेल. माझ्याकडूनच असेल. दुसरं कोण हात लावतं हिला?"

"तेच म्हणतोय मी. दिव्याचं काही नाही, दिवा मिळेल. तुला कळलंही नाही हे मला लागलंय." काकांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "किल्ली उद्यापर्यंत राहू दे, परवा आणून दे. आणि ते पत्र... ते राहू दे आता."

"काका, परवा साडेआठला बोलावलंय त्यांनी."

"मग मी काय लिहू सांग. दोन वर्षं माझी गाडी हिच्या हाती आहे, कधी ओरखडा नाही, असं लिहू? लहान मुलं बसणार आहेत त्या व्हॅनमध्ये."

मी तिथे उभी होते. नऊ केव्हाच वाजून गेले होते, संध्याकाळचे सहा झाले होते, माझ्या जिभेवर कसलाही नेम नव्हता. मी म्हणाले, "काका, जास्त वेळ उकिडवे बसू नका, गुडघे दुखतील." आणि वर निघून आले.

पत्राचं काय ते मला जिन्यातच आठवलं. एका शाळेला मुलांच्या व्हॅनवर बाई ड्रायव्हर हवी होती. आजवर ज्यांची गाडी हाताळली त्या मालकाचं पत्र आणा, एवढंच त्यांनी मागितलं होतं. पायलट महिनाभर हेच सांगत होती, प्रत्येक गाडीच्या बोनेटला.

घरात आल्या आल्या मी ह्यांना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे एकोणसत्तर सोडून, आणि तुकडे सोडून.

हे टॉवेल खांद्यावर टाकून बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे तुझ्याकडूनसुद्धा गाडी आपटते तर. बरं वाटलं ऐकून."

"अहो, थट्टा नको."

"थट्टा नाही गं. शांतपणे विचार करू. ती स्वतःच म्हणतेय ना, माझ्याकडून झालं असेल म्हणून?"

"तिला काय माहीत?"

"मग झालं तर. तू कशाला मधे पडून तिला खोटं पाडतेस?"

 मग हेच जरा ओशाळले आणि उगाच टॉवेलची घडी घालू लागले. "हप्तेवाल्याला फोन करतो," म्हणाले. "तो काय म्हणतो ते तर बघू."

हप्तेवाला म्हणजे ह्यांचा आतेभाऊ. विम्याचं काम करतो. लग्नकार्यात भेटला तरी आधी तुमच्या पॉलिसीची तारीख सांगतो आणि मग तब्येत विचारतो. त्या दिवशी त्याचा फोन लागला नाही.

बुधवारी सकाळी साडेसातला दारावर टकटक झाली. मी नुकतीच देवापुढून उठले होते. दारात पायलट. चपला तिने खालच्याच पायरीवर काढल्या होत्या.

"ताई, तुमचा वेळ घेत नाही. एकच विचारायचंय." ती हळू बोलत होती. घरात कुणी झोपलेलं असावं तशी. "मी रात्रभर आठवतेय. काल काकांची गाडी मी बाहेर काढली, धुतली, परत लावली. खांबाला लागल्यासारखं मला कुठेच आठवत नाही. पण मी नवशिकी, माझ्या आठवणीवर कोण विश्वास ठेवणार? मीच ठेवत नाही." ती थोडं हसली. "तुम्ही सव्वाआठला निघता. तुमची गाडी समोरच असते. तुम्ही निघालात तेव्हा काकांचा दिवा धड होता का फुटलेला होता, एवढं सांगा फक्त. तुम्ही सांगितलंत तर काका ऐकतील. अख्ख्या इमारतीत तुम्ही एकट्याच आहात ज्या कधी खोटं..."

 ती काय म्हणणार होती ते मला कळलं.

आणि मी काय केलं? मी ओठांवर बोट ठेवलं.

खरंच ठेवलं. बोट ओठांवर ठेवलं आणि मग दोन्ही हात जोडले, नेम असलेल्या बाईने जोडावेत तसे.

"अगं बाई, हो! नऊ वाजायचेत ना." तिने स्वतःच्या डोक्यावर चापट मारली. "माझं हे असं. तुमचा नेम मोडायला आले. नका बोलू ताई, नका. नऊनंतर सांगाल ना? नाहीतर संध्याकाळी?"

मी मान हलवली. हो म्हणून.

वही तीन हातांवर पर्समध्ये होती. पेन्सिल दोऱ्याने बांधलेली होती. ती गेल्यावर मी दार लावलं. आतून ह्यांचा आवाज आला, "कोण होतं गं?" आणि मग त्यांनाच आठवलं, "हां, हां, नको बोलूस." जो तो माझ्या नेमाला जपत होता. अकरा वर्षं मी ज्याला देवाचं काम समजत होते, त्याच्यामागे आता मी दडून बसले होते.

त्या दिवशी जप पुरा झाला नाही. पहिल्याच आकड्यावर मला तो आवाज ऐकू यायचा, कच्च असा.

रक्तपेढीतलं माझं काम तसं साधं. माणूस येतो, मी त्याला प्रश्न विचारते. झोप झाली का, खाऊन आलात का, सहा महिन्यांत कावीळ, ताप, ऑपरेशन, काही औषध चालू आहे का. बरीच माणसं खरं सांगतात. काहीजण बरोबरच्या मित्रांपुढे लाजतात आणि सगळ्याला 'नाही' म्हणून मोकळे होतात. अशांसाठी आमच्याकडे एक सोय आहे. रक्त देऊन झालं, बिस्किट खाऊन झालं, की प्रत्येकाला पडद्याआड एक मिनिट एकटं सोडतात. तिथे एक चिठ्ठी असते. तिच्यावर नाव नसतं, फक्त पिशवीचा नंबर. दोन चौकोन: 'माझं रक्त वापरा' आणि 'माझं रक्त वापरू नका'. एकावर खूण करायची आणि कुलपाच्या पेटीत टाकायची. कुणी का म्हणून विचारत नाही.

पडदा ओढताना मी प्रत्येकाला एकच वाक्य म्हणते. दिवसातून वीस-पंचवीस वेळा. "काही सांगायचं राहिलं असेल तर आत्ताही सांगता येईल. उशीर झालेला नाही, आणि कुणी रागावणार नाही."

बुधवारी तेराव्या की चौदाव्या माणसाला ते म्हणताना माझा आवाज अर्ध्यात बसला. तो धिप्पाड माणूस होता, कुठल्या तरी कारखान्यातून दहाजणांच्या घोळक्याने आलेला, खुर्चीवर बसल्या बसल्या सगळ्यांची नक्कल करून हसवणारा. "काय मॅडम, माझं रक्त बघून घाबरलात की काय?" म्हणाला. मी पाणी प्यायले आणि वाक्य पुरं केलं.

संध्याकाळी पेटी उघडायची असते, दोघींनी मिळून. मी आणि आमच्या मोठ्या बाई. एकेक चिठ्ठी त्या वाचतात, मी टिक करते. वापरा, वापरा, वापरा. सहा-सहा महिने दुसरं काही निघत नाही. त्या दिवशी मोठ्या बाई मधेच थांबल्या. "हे बघ," म्हणाल्या. "वापरू नका."

नंबर बघितला. नाव शोधायचं नसतं, आम्ही शोधत नाही. पण कारखान्यातल्या दहाजणांचे नंबर लागोपाठ होते आणि हा त्यांच्यातलाच एक होता. त्या हसणाऱ्या घोळक्यातला कुणीतरी पडद्याआड गेला होता, एक मिनिट एकटा बसला होता आणि त्याने खूण केली होती. मित्रांनी टाळ्या वाजवून फोटो काढून झाल्यावर.

"देव भलं करो त्याचं," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या नेहमीच म्हणतात. पिशवी वेगळ्या ट्रेमध्ये गेली.

मी हात धुवायला गेले.  पर्समध्ये रुमाल शोधताना ती चिठ्ठी हाताला लागली. 'काका, माझ्याकडून'. माझीही चिठ्ठी होतीच. मी ती पेटीत टाकली नव्हती इतकंच.

घरी आले तर हप्तेवाल्याचा फोन चालूच होता. ह्यांनी तो माझ्या हातात दिला.

"वहिनी, अजिबात टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "साधं आहे. कळवायचं असेल तर उद्या सव्वाआठच्या आत कळवा. अठ्ठेचाळीस तास उलटले की कंपनी 'काय झालं' हे विचारायच्या आधी 'इतके दिवस कुठे होतात' हे विचारते."

"आणि नाही कळवलं तर?"

"तर बंपरला पॉलिश मारा आणि पुढच्या महिन्यात रिन्युअलवर हसतमुखाने सही करा. सहा वर्षांचा बोनस आहे तुमचा वहिनी. एकही क्लेम नाही. आमच्या ऑफिसात मी तुमचं उदाहरण देतो."

माझं उदाहरण. 

"पण काकांची गाडी?"

"तुम्ही कळवलंत तर तुमच्या पॉलिसीतून त्यांचं काम होईल, सर्व्हेअर येईल, बघेल. नाही कळवलंत तर त्यांचं ते बघतील. आणि तिसराही एक मार्ग आहे. तुमची गाडी उभी होती आणि अज्ञात वाहनाने तुम्हालाही ठोकलं, त्यांनाही ठोकलं."

"अज्ञात म्हणजे कोण?"

"अज्ञात म्हणजे अज्ञात, वहिनी. तेच तर त्याचं सौंदर्य."

ह्यांना हसू आलं. मला आलं नाही. त्या अज्ञात वाहनाला लोकांनी केव्हाच नाव दिलं होतं, आणि ते नाव रोज पहाटे खाली बारा गाड्या धूत होतं.

मी म्हटलं, "फॉर्म पाठवा."

फॉर्म आला. ह्यांनी छापून दिला. मी जेवणाच्या टेबलावर बसले. वाहन क्रमांक, पॉलिसी क्रमांक, चालकाचं नाव. घटनेचं वर्णन आपल्या शब्दांत. 'गाडी मागे घेताना मागे न बघितल्यामुळे उभ्या गाडीला धडक बसली. चूक माझी.' लिहिताना वाटलं तितकं कठीण गेलं नाही. कठीण होतं ते त्याच्या खाली. 'घटनेनंतर वाहन घटनास्थळी किती वेळ थांबले?' मी लिहिलं, 'अंदाजे तीन मिनिटं.' आणि त्याच्याही खाली: 'समोरच्या पक्षास कळवल्याची तारीख व वेळ.'

पेन तिथे अडलं.

हे माझ्या खांद्यावरून बघत होते. "ते रिकामं सोडलं तरी चालतं, विचारलं मी त्याला," म्हणाले. "कंपनीच कळवेल काकांना. पत्र येईल. तुला तोंड दाखवायलाही नको."

"पत्र कधी येईल?"

"आठ-दहा दिवसांत."

"आणि तिची शाळा उद्या आहे."

ह्यांनी खुर्ची ओढली. म्हणाले, "मग आत्ता जा."

खरं म्हणजे आत्ताच जायला हवं होतं. मी उठले, दारापर्यंतही गेले. पण काका संध्याकाळचे मुलीकडे गेले होते, फोनही उचलत नव्हते, त्यांची खिडकी अंधारी होती, गाडी तशीच फुटक्या दिव्याने उभी. पायलटचा फोन नंबर आमच्याकडे नव्हता. दोन वर्षं जी बाई माझी गाडी धुते, तिचा नंबर मी कधी घेतला नव्हता. तिला सांगायचं असेल तर ती असेल तिथे, ती असेल तेव्हाच सांगावं लागणार होतं. म्हणजे सकाळी. आठच्या आत.

संध्याकाळी सांगते म्हणून मी तिला मान हलवली होती, ती संध्याकाळही अशी हुकली.

गुरुवारी सकाळी देवापुढे बसले. दिवा लावला, हात जोडले, पण मागायला काही सुचलं नाही. क्षमा मागावी म्हटलं तर ती आधी इथे मागायची नव्हती. वरच्याकडे मागून मोकळं होणं ही तर पुन्हा पळवाटच झाली असती. मी नुसती बसून राहिले. खाली नळ सुटल्याचा आवाज आला, बादली सरकली. ती आली होती.

हे उठून बाहेर आले तेव्हा मी चपला घालत होते. फॉर्म हातात, पेन हातात. त्यांनी आधी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अगं, साडेसात वाजतायत. तुझा नेम?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"वहीवर लिहून दे ना मग. नेमही राहील, कामही होईल." ते खरोखर मदत करायच्या भावनेने म्हणाले. "अकरा वर्षं, एक दिवस मोडला नाहीस. माझं ऑपरेशन होतं तेव्हासुद्धा डॉक्टरांशी तू लिहून बोललीस."

ते खरं होतं. ती वही मी बराच काळ अभिमानाने जपून ठेवली होती.

लिहून देणं सोपं होतं. कागद पुढे करायचा, खाली बघायचं, आणि समोरच्याने वाचेपर्यंत मौनात उभं राहायचं, पवित्र चेहऱ्याने. वाचून झाल्यावर ते काय बोलतील, त्याला उत्तर द्यायचं नाही. बाबांनी मला चार शिव्या खायला सांगितलं होतं. कागदाआडून त्या अंगाला लागत नाहीत.

मी वही पर्समधून काढून टेबलावर ठेवली. पेन्सिलीसकट. ह्यांनी ती बघितली. मग वाकून माझ्या चपलेचा अडकलेला पट्टा सरळ केला.

"मी येऊ?" त्यांनी विचारलं.

माझा घसा सकाळचा, न वापरलेला. आवाज निघेल की नाही तेही माहीत नव्हतं. नेम मोडणारं पहिलं वाक्य ह्यांच्यावर खर्च करायचं नव्हतं, ते खालच्या दोघांचं होतं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि नको म्हणून खूण केली.

जिन्यात अजून कुणी नव्हतं. खालून फडका पिळल्याचा आवाज येत होता, आणि काकांच्या दाराची कडी निघाल्याचा. रात्री उशिरा मुलीकडून परतलेले काका किल्ली घ्यायला बाहेर येत असावेत. फॉर्मवरचा तो चौकोन रिकामा होता. त्यात किती वाजलेले लिहायचे ते आता दोन मिनिटांत ठरणार होतं. वाटेत आमची गाडी लागेल, तिच्या मागे जाऊन त्या ओरखड्याकडे आधी बोट दाखवायचं आणि मग बोलायचं, एवढं मी ठरवलं. बाकी काही पाठ केलं नाही.

बोटांची पेरं मोकळी ठेवून मी पायऱ्या उतरू लागले.